बुलडोझरचं बटण

आमचे हे जेसीबी चालवायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती पाडायच्या आणि घरी आले की टीव्हीसमोर बसून शहर बांधायचं, असा यांचा उलटा कारभार. नागपूरच्या जुन्या बाजारातून यांनी तो व्हिडिओ गेम आणला होता, कॅसेटवाला, फुंकर मारल्याशिवाय चालू न होणारा. रिकामी जमीन मिळते. तिच्यावर रस्ते, घरं, वीज, पोलीस चौकी, सगळं आपणच टाकायचं. पाडायचं असलं की बुलडोझर निवडायचा आणि बटण दाबायचं.

यांनी ते कधी केलं नाही. आडवं घर आलं की रस्ता वळवायचे. त्यांचं शहर म्हणजे नुसती जिलेबी. माझं टाळकं सरकायचं. रिमोट हिसकून मी धडाधड पाडत सुटायची, घर म्हणू नका, शाळा म्हणू नका. धुरळा उडाला की मला बरं वाटायचं. "अवं, लोकं राह्यतात त्यात," हे म्हणायचे. दिवसभर पाडता तेव्हा नाही का राहत, असं मी विचारलं की नुसते हसायचे.

मग हायवेच्या कडेची अतिक्रमणं काढायचं काम निघालं आणि ठेकेदारानं यांनाच पाठवलं. त्या ओळीत माझ्या थोरल्या भावाचं पंक्चरचं दुकान होतं. सामान काढून घ्या, असं यांनी आदल्या दिवशी त्याला सांगितलं होतं. पण मशीनवर घरचाच जावई, मग आपल्याला कशाची भीती, म्हणून दादानं एक टायर हलवलं नाही.

मी डबा द्यायला तिथंच गेली होती. एकेक टपरी पडत होती. पत्रे करकरत वाकत होते. लोकांनी दगड मारले, केबिनची काच फुटली, तरी हे जागचे हलले नाहीत. दादाच्या दुकानापुढं मात्र यांनी मशीन बंद केली, दार उघडलं आणि खाली उतरले. मी हात लावत नाही, ठेकेदाराला दुसरा ड्रायव्हर बोलवा म्हणतो, एवढंच दादाला सांगायला उतरले होते. दादाला वाटलं, मारायला आला. टायर उचकटायची लोखंडी टॉमी त्याच्या हातात होती. ती त्यानं यांच्या उजव्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्यापलीकडं ऐकू आला. हे खाली पडले तरी दादा मारतच होता. मी धावत जाऊन त्याच्या मनगटाला चावली, तोंडात रक्त येईपर्यंत चावली, तेव्हा कुठं टॉमी सुटली. हे वर बसून राहिले असते तर यांच्या केसालाही कोणी धक्का लावला नसता. मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात.

दुकान दुसऱ्या ड्रायव्हरनं त्याच दिवशी पाडलं.

सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, हातात सळई बसवली. हाड जुळलं, पण बोटं काही मिटेनात. जेसीबीचे दांडे बोटांनीच ओढावे लागतात. ठेकेदारानं दुसरा माणूस ठेवला. दादा येऊन दारात रडला, मी त्याच्या तोंडावर दार लावलं. यांनी पोलिसात जाऊ दिलं नाही. भाऊ हाये तुहा, एवढंच म्हणाले. मला दोघांनाही बडवून काढावंसं वाटत होतं.

परवा मीच तो गेम लावला, दिवसभर भिंतीकडं बघत बसतात म्हणून. डाव्या हातानं हे बाण फिरवत होते, बटण मी दाबत होती. रस्ता पुढं सरकत एका घराशी आला. आता कुठून वळवतात, म्हणून मी बघत राहिली. यांनी बुलडोझर निवडला.

"पाड," हे म्हणाले.

मला थट्टा वाटली. तोंडाकडं पाहिलं तर थट्टा नव्हती.

"वळवू ना रस्ता," मी म्हटलं.

"काऊन? पाड म्हणलं ना."

त्या बटणावर मी गावंच्या गावं झोपवली होती. आता अंगठा दाबवेना. मला भीती वाटली, यांचीच भीती. यांनी तो न मिटणारा हात उचलून आणला, माझ्या अंगठ्यावर ठेवला आणि सगळा भार दिला. घर पडलं.

रस्ता सरळ गेला.