दादाच्या रक्ताची तिसरी तपासणी

दर वर्षी जयंतीला भरणाऱ्या रक्तदान शिबिरात पहिल्या खाटेवर माझा मोठा भाऊच असायचा. भिलाईच्या आमच्या मराठी वस्तीत हा त्याचा मान होता आणि त्यात कोणी आडवं आलं की तो चिडायचा. एका वर्षी शिबिरानंतर त्याला रक्तपेढीतून बोलावणं आलं. हिपॅटायटिस सीची एलायझा तपासणी पॉझिटिव्ह आली होती. म्हणजे यकृताला हळूहळू पोखरणारा विषाणू अंगात असण्याची शंका.

मी तेव्हा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. त्याने आधी मला सांगायला हवं होतं. पण सख्ख्या बहिणीला विचारेल तर तो दादा कसला! तो गेला शेजारच्या दुर्ग शहरात, मोहन नगरातल्या एका ओळखीच्या लॅबमध्ये. तिथे बोटातून थेंबभर रक्त देऊन कार्डावरची झटपट तपासणी करून घेतली आणि निगेटिव्ह रिपोर्ट नाचवत माझ्याकडे आला.

"एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. आता तिसरी कर. दोन ज्या बाजूनं, ते खरं."

त्याची अख्खी नोकरी स्टील प्लांटमध्ये भट्टीजवळ गेलेली. तिथे तापमानाचे दोन मीटर वेगवेगळा आकडा दाखवू लागले की तिसरा लावायचे आणि ज्या दोघांचं जुळेल त्यांचं ऐकायचे. तीच रीत तो रक्ताला लावत होता.

"दादा, हे काय मतदान आहे?" मी म्हटलं. "कार्ड अन् एलायझा व्हायरसले पाहतच नाही. त्याच्याशी लढाले शरीर ज्या अँटिबॉडी बनवते, त्या शोधते. कार्डाकडून त्या कधी सुटून जाते, एलायझाकडून कमी."

"मंग व्हायरसले कोन पाहते?"

"आरएनए टेस्ट. ते आता आमच्याकडंच होते!"

हे सांगताना माझा आवाज चढलाच. मशीन नुकतंच आलं होतं. आधी हे नमुने रायपूरला जायचे आणि आम्ही नुसती वाट बघत बसायचो. आता रक्तात विषाणू असेल तर पडद्यावर रेघ वर चढताना मीच बघणार होते. भीती वाटत होती आणि खोटं कशाला सांगू, अंगात उत्साहही मावत नव्हता.

दादाचं रक्त काढून घेतलं, त्याला घरी पाठवलं आणि नमुना लावला. शेजारी मुद्दाम एक पॉझिटिव्ह नमुना ठेवलेला, मशीन नीट चालतंय हे कळायला. त्याची रेघ उठली आणि सरसर वर गेली. दादाची तळाला चिकटून होती. मी पडद्यापुढे उभी राहून तिला मनातल्या मनात दटावत होते, खबरदार हललीस तर! ती शेवटपर्यंत हलली नाही. मी अशी ओरडले की बाहेर बसलेल्या एका आजींनी आत डोकावून छत्तीसगढीत विचारलं, "का होगे, नोनी?" काय झालं, पोरी?

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, खात्रीसाठी काही महिन्यांनी पुन्हा करू म्हणाले, आणि मी दादाला फोन लावला.

"दादा, व्हायरस नाही!"

"पाह्य, दोन विरुद्ध एक! एलायझाच खोटी. पुढच्या जयंतीले पहिली खाट माहीच."

"एलायझा खोटी नसंल," मी म्हटलं. "बहुतेक मागच्या शिबिरानंतर व्हायरस कधीतरी आला होता, तुह्या शरीरानंच त्याले हाकलून लावलं. अँटिबॉडी तेवढ्या राहून गेल्या. एलायझाले त्या दिसतेच, म्हनून रक्त आता कोनी घेनार नाही तुहं."

तो बारीक आवाजात म्हणाला, "म्हंजे माहं रक्त कोनाच्याच कामाचं नाही. मंग तू इतकी खुश काहून होऊन राहिली?"

मला असा राग आला! "रक्त द्याले बाकीचे लोक आहेत. मले तुहं रक्त नाही पाहिजे, तू पाहिजे!"

लॅबमधले सगळे वळून बघायला लागले. मी रडत होते की भांडत होते, मलाच कळत नव्हतं. फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं बरं, बोंबलू नोको," दादा म्हणाला. "ड्यूटी झाली का सिधी घरी ये. तुह्या वहिनीले चिकन कराले सांगतो."