यादीतली पहिली मुलगी

माझं न जमलेलं लग्न एका ॲपनं मोडलं.

त्या वेळी मी चौतीस वर्षांचा होतो आणि लग्नाची घाई नाही, असं घरात फक्त मीच म्हणत होतो. पूर्णेतल्या एका शेजारणीनं आईच्या मोबाइलवर वधू-वरांचं ॲप टाकून दिलं. आई मेथी निवडायला बसावी तशी मुली निवडायला बसली.

ॲपमध्ये एकच खोट होती. यादीत खाली खाली जाऊन एखादी मुलगी उघडावी, फोटो मोठा करून बघावा आणि मागं यावं, तर यादी सोडली तिथं सापडायची नाही. सरळ वर, पहिल्या मुलीवर! आईचं बोट सवयीनं तिथंच टेकायचं आणि ती पहिली मुलगी उघडायची.

"आरं, ही पुन्हा आली!"

"आई, मागं जा."

"मागंच गेले की! मागं गेलं की येती ती!"

पहिली मुलगी देवगाव फाट्याची होती. हिरवी साडी, चष्मा, शाळेत शिक्षिका. आई मोठ्या कष्टानं वालूरच्या नर्सपर्यंत पोचायची, मागं यायची आणि पुन्हा फाट्यावर! (आमच्याकडं एसटीचंही असंच होतं, त्यामुळं तिला यात काही वावगं वाटलं नाही.)

"किती येळा बोलवायलीस त्या लेकराला?" अण्णा, म्हणजे माझे वडील, एकदा पेपरातून म्हणाले. "दमली असंल ती."

आठवड्याभरात अण्णांना फोन आला.

"जयभीम. देवगाव फाट्यावरून मुलीचा बाप बोलायलोय. ॲप सारखं कळवायलंय, तुमच्या घरी आमच्या पोरीची माहिती बघायलेत म्हणून. सकाळी बघायलेत, जेवताना बघायलेत! इतकी हौशी माणसं आमी बघितली न्हाईत. रविवारी या."

अण्णा खुलासा करणार, तोच आईनं फोन हिसकावला. "येतो की!" मग आम्हाला म्हणाली, "न्हाईतरी आता तीच ओळखीची हाय."

खरं सांगायचं तर मलाही ती आवडायला लागली होती. रविवारी मी दोनदा दाढी केली.

मुलगी पोहे घेऊन आली. आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "बरी हाईस ना गं? फोटोत लय सुकलेली दिसायलीस." सगळे हसले. मुलगीसुद्धा! जमलंच होतं म्हणा ना.

मग आम्हा दोघांना बोलायला अंगणात पाठवलं. तिनं थोडं लाजत विचारलं, "तुमी माझी माहिती इतक्यांदा का बघितली?"

अशा वेळी काय बोलायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मी रेल्वेच्या चौकशी खिडकीवर बसतो. विचारलं तेवढं खरं सांगायची हाताला, म्हणजे तोंडाला, सवय!

"तुमाला न्हाई बघत होतो," मी म्हणालो. "दुसऱ्या मुली बघायलो होतो. परत आलं की तुमीच असायच्या."

तिचं हसू गेलं. ते परत आणावं म्हणून मी आणखी नीट समजावलं. "म्हणजे चूक ॲपची हाय. आपण कुठं होतो ते त्याच्या ध्यानात राहत न्हाई. न्हाईतर तुमी एकदाच दिसल्या असत्या!"

ती आत गेली. पाठोपाठ आमच्या चपलाही दारात बाहेरच्या दिशेनं तोंड करून नीट लावून ठेवल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी नकार आला. राहवेना, म्हणून तिनं माझी माहिती किती वेळा बघितली होती, ते मी ॲपवर शोधलं.

एकदा! मागं जायचं बटण तिच्याकडं व्यवस्थित चालत होतं.