गुजरीतलं हिऱ्यांचं काउंटर

हिरा कसा पारखायचा, हे तुम्हाला कुणी कधी नीट समजावून सांगितलंय का हो? मी सांगायचे. केबल टीव्हीवर हिऱ्यांच्या जाहिराती नुकत्याच लागायला लागल्या होत्या, तेव्हा गुजरीच्या सराफ बाजारातल्या एका दुकानात मी हिऱ्यांच्या काउंटरवर होते. गिऱ्हाईक सगळं ऐकून घ्यायचं, एक किस्सा देऊन जायचं. हिरे तसेच राहिले, किस्से साठत गेले!

मालक अण्णांनी आधीच बजावलं होतं, "वैनी, दिवाळीपतोर काय खपलं तर ठीक. न्हाईतर काउंटर बंद, आन् तुम्ही घरी!" माझ्या लेकीचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. घरी बसून मला चालणार नव्हतं.

*

पहिले आले हुपरीचे एक चांदीवाले काका. "हातोडी आणा. खरा असला तर फुटत न्हाई."

"आणि फुटला तर?"

"तर खोटा हाय की! मग पैसं कसलं?"

मी समजावलं, खरा हिरासुद्धा घाव बसला की फुटतो. काका समाधानानं हसले आणि उठले. त्यांच्या मते मी कबुली दिली होती!

*

मग एक सासू-सून. मी दोन हिरे मांडले. एक लहान पण स्वच्छ, दुसरा मोठा पण आत बारीक काळा ठिपका. तो भिंगातून दाखवला.

सासूबाईंनी भिंग बाजूला सारलं. "हळदीकुंकवाला बायका भिंग घिऊन येत्यात व्हय? लांबनं दिसला पायजे!"

"जवळनं मला बघायचाय की," सून म्हणाली.

दोघी भांडत भांडत साडीच्या दुकानात गेल्या.

*

एका साहेबांना सांगितलं, बिनरंगी हिरा महाग, पिवळसर स्वस्त.

"मग पिवळाच द्या. सोन्याला मॅच होतोय!"

ट्रेनिंगमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं. मग त्यांनी फोन करून मिसेसना विचारलं. मिसेसनी पाटल्या सांगितल्या.

*

अण्णा वैतागले. "वैनी, ठिपका दाखवायचा पगार देतोय व्हय तुम्हाला?"

"गिऱ्हाइकाला सांगायला नको, अण्णा?"

"इचारतंय कोण? तुम्हीच भिंग हातात देताय!"

*

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मुरगूडचे एक म्हशींचे व्यापारी आले. त्यांना तो ठिपक्याचा मोठाच हिरा आवडला. अण्णा लांबून डोळे वटारत होते. तरी मी भिंग दिलं. "पावणं, आत ठिपका आहे. नंतर म्हणाल, बाईनं सांगितलं नाही."

ते बराच वेळ बघत राहिले. अण्णांनी कपाळाला हात लावला.

"ह्यो ठिपका जातोय का कधी?"

"नाही. जन्माचाच आहे."

"दुसऱ्या हिऱ्यात हुबेहूब असाच असतोय?"

"कुठल्याच नाही."

"मग ह्योच द्या! पॉलिशला दिल्यावर कुणी बदलला, तर वळखायचा कसा? बिनखुणेची म्हस मी जन्मात घेतली न्हाई!"

बोटाचं माप देऊन, ठिपका पुन्हा एकदा बघून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी स्वच्छ हिरे मागच्या ट्रेत सरकवले, ठिपक्यांचे पुढे मांडले आणि काउंटरवर आणखी एक भिंग आणून ठेवलं.