मामाच्या फोटोतले तीन ठिपके मी पुसले

मंडळी, आज डोकं पार गरगरलंय. सध्या जयपूरला, मालवीय नगरात मामाकडे मुक्काम आहे. मामा कॉलेजात फिजिक्स शिकवतो.

आजच्या व्याख्यानासाठी त्याने अवकाश दुर्बिणीचा एक फोटो मला साफ करायला दिला. एका दीर्घिकेभोवती चार ठिपके. मामा म्हणाला, "चारही म्हणजे मागे लांब असलेला एकच क्वेसार, एका दूरच्या दीर्घिकेचा झगझगीत गाभा." म्हणून मी तीन डुप्लिकेट पुसले आणि फाइल सेव्ह केली.

मामाने कपाळावर हात मारला. "गाढवा, दीर्घिकेच्या गुरुत्वाने प्रकाश वाकतो आणि चार वाटांनी येतो. तेच तर दाखवायचं होतं."

"मतलब, खरा ठिपका कुठला?"

"चारही खरे. पण क्वेसार त्यातल्या एकाही जागी नाही."

शेवटी व्याख्यानात त्याने फळ्यावर खडूने चार ठिपके काढले. पोरांनी लगेच माना डोलावल्या. मला मात्र कळेना. तुम्हीच सांगा, दुर्बीण नक्की कुठे बघत होती?