भावजींनी न उचललेला भंडारा

माझे धाकटे दीर देव मानत नाहीत आणि जमीन कुणा एकाच्या मालकीची नसावी म्हणतात, हे आमच्या डिंगोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांना ठाऊक आहे, हे फक्त भावजींनाच ठाऊक नव्हतं. कुणी प्रसाद आणला की दोन्ही हातांनी घ्यायचे आणि गुपचूप माझ्या ताटात सरकवायचे.

गायरानात बेघरांना जागा मिळावी, हे त्यांचं एकच वेड. म्हणून तर ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. एका पॅनेलनं घेतलंही. पण आमच्याकडं फॉर्म भरायच्या आधी सगळे उमेदवार खंडोबाच्या देवळात जाऊन भंडारा उचलून शपथ घेतात, पॅनेल सोडून फुटणार नाही म्हणून.

आदल्या दिवशी त्यांच्याच विचारांचा शिनोलीचा मित्र आला. चहा पीत म्हणाला, "आधी निवडून ये, मग काय बोलायचं ते बोल. आत्ता तोंड उघडलंस तर घरी बसशील."

मी आतून म्हटलं, "उचला की भावजी. हळद ती, चावत न्हाई."

दुसऱ्या दिवशी देवळात पॅनेलच्या पुढाऱ्यानं ताट पुढं केलं. भावजींनी हात नेला आणि मागं घेतला.

"मी फुटणार न्हाई, हा माझा शब्द. पण माझा देवावर इस्वास न्हाई. खोटी शपथ घेऊन तुमाला कसं फसवू?"

एक म्हातारे म्हणाले, "आरं, ते आमाला म्हाईत हाय. इस्वास कोण मागतंय? नुसता उचल म्हणतोय."

"मग उचलून उपेग काय?"

"लई अवघड माणूस हाय राव," पुढारी म्हणाला. "उद्या बाकीचे पण नुसता शब्दच देतील."

चौघं बाहेर जाऊन कुजबुजले आणि परत येऊन भावजींच्या मागं उभ्या त्यांच्या बायकोला, माझ्या धाकट्या जावेला म्हणाले, "वैनी, तुमी उचलता का?"

तिनं पदर सावरला, मूठभर भंडारा उचलला आणि हाताला लागलेला भावजींच्या कपाळाला फासला. भावजी हलले नाहीत. हलले असते तर डोळ्यात गेला असता.

भावजींच्या जागी फॉर्म तिनंच भरला आणि ती निवडून आली. ग्रामसभेत उभी राहिली आणि म्हणाली, "गायरान देवाचं हाय. देवाच्या लेकरांना द्या." निम्म्याहून जास्त हात वर झाले.

घरी आल्यावर भावजी कुरकुरले, "देवाचं नाव कशाला घेतलंस?"

"मग काय तुमचं घेऊ?" ती म्हणाली. "एक हात वर झाला नसता."