बॅटरी गेली म्हणून गाडी विकत नाहीत

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी निरोप आला, ‘वसुधा मॅडम शांतपणे गेल्या.’ वाचून दुःखाच्या आधी मला रागच आला. शांतपणे? वसुधाताईंनी आयुष्यात एकही गोष्ट शांतपणे केली नव्हती. भेटायला आलेले लोक म्हणत राहिले, वय झालं होतं, हृदय थकलं होतं, सुटल्या एकदाच्या. सुटल्याबिटल्या नाहीत त्या. शेवटच्या भेटीतही हॉस्पिटलच्या खाटेवरून विचारत होत्या, “घरी कधी सोडतायत, विचार गं जरा.” त्यांना अजून जगायचं होतं. हे कुणीतरी लिहायला हवं, म्हणून लिहितेय.

आमची ओळख झाली मयूर विहारमधल्या याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कडाक्याच्या थंडीत. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही नुकतेच दिल्लीत आलो होतो. तो दौऱ्यावर, लेकीचा बोर्डाचा पेपर, आणि गाडी किल्ली फिरवली की नुसती ‘टक’ करून गप्प. बोलावलेल्या माणसाने बॉनेटमध्ये डोकावून निकाल दिला, “बॅटरी गई, मॅडम. नई डलेगी.” मी मान हलवणार तेवढ्यात मागून मराठीत आवाज आला, “गेली म्हणजे? मोजली का त्याने?” आम्हा मायलेकींचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं असावं. साडीवर स्वेटर, पायात बूट, हातात मल्टीमीटर. तळमजल्यावर राहणाऱ्या, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या वसुधाताई. त्यांनी मीटरच्या लाल-काळ्या तारा बॅटरीच्या दोन टोकांना टेकवल्या. साडेबारा व्होल्ट. “बघ, चार्ज आहे. आता किल्ली फिरव.” पुन्हा ‘टक’, पण आकडा जवळजवळ हललाच नाही. “बॅटरी दमलेली असती तर आकडा धाडकन खाली आला असता. हिच्यातून करंट पुढे जातच नाहीये.” तारांच्या जोडावर पांढरा-हिरवा थर साचला होता. त्यांनी जोड सोडवले, सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुतले, पॉलिश पेपरने घासले, पुन्हा घट्ट आवळले... आणि गाडी सुरू झाली. लेक पेपरला वेळेत पोचली.

नंतर चहावर कळलं, त्यांचे यजमान गेले तेव्हा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरखाली गाडी कित्येक महिने तशीच उभी होती. जो तो सांगे, विकून टाका, तुम्हाला कुठे चालवता येते? “म्हणून शिकले,” त्या म्हणाल्या. “आधी चालवायला, मग उघडायला.” पुढे रविवारी सकाळी त्या आम्हा बायकांना पार्किंगमध्ये जमवू लागल्या. गाडी बंद करून तासदोनतास तरी उभी राहू द्या, मगच मोजा, नाहीतर मीटर उगाच जास्त दाखवतो... असं बरंच काही. सेक्रेटरींनी हरकत घेतली, “मॅडम, ये पार्किंग है, वर्कशॉप नहीं.” ताई म्हणाल्या, “बिल्कुल. इसीलिए तो गाड़ियाँ यहाँ हैं.”

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांनी डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, मुलाने दिली नाही. अनिकेत गुरुग्रामहून आला आणि नेमकी त्याच्यासमोरच गाडी सुरू होईना. “आई, आता गाडीच सांगतेय, बस कर. माझ्याकडे चल, तिथे ड्रायव्हर आहे.” ताईंनी मीटर आणला. उभ्या गाडीत आकडा ठीक होता, किल्ली फिरवताच आठवर कोसळला. रात्रभर चार्जरवर ठेवून सकाळी पुन्हा तपासलं, तेच. खोटं त्या बोलणार नव्हत्या. “खरंच संपलीय,” त्या म्हणाल्या. अनिकेतच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. “अरे, बॅटरी गेली तर बॅटरी बदलतात. गाडी विकत नाहीत.” संध्याकाळी नवी बॅटरी बसवून त्यांनी त्यालाच मेट्रो स्टेशनवर सोडलं.

तेरावा झाल्यानंतरच्या रविवारी मी खाली गेले. चौथ्या मजल्यावरची हरप्रीत आधीच बॉनेट उघडून उभी होती, मागोमाग आणखी दोघी आल्या. सेक्रेटरीही आले. जरा घुटमळून म्हणाले, “मॅडम तो रहीं नहीं. अब ये सब किसलिए?”

हरप्रीतने मान वर केली नाही. “मॅडम नहीं रहीं, अंकल. गाड़ियाँ तो हैं.”

ते आम्ही पांगण्याची वाट बघत उभे राहिले. आमच्यातली एकही जागची हलली नाही.