तिसऱ्या महिन्यातला माणूस

मी मुळशी धरणाच्या काठावरच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि काही वर्षांपासून बहाई धर्म पाळतो. यंदा या दोन गोष्टी माझ्यात एकत्र नांदेनात. आमच्या धर्मग्रंथांत म्हटलं आहे की माणूस आरंभापासून माणूसच, इतर प्राण्यांहून त्याची जात वेगळी. मी फळ्यावर लिहितो की माणूस आणि वानर यांचा पूर्वज एकच. विज्ञानाकडे डोळेझाक करावी, तर तेच ग्रंथ बजावतात की विज्ञानाशी न पटणारा धर्म ही अंधश्रद्धा. पळायला वाटच नाही.

पुण्याच्या सभेत मी एका वक्त्यांना विचारलं. आमच्यात पुरोहित नसतात, पण हार आवडणारी माणसं सगळीकडे असतात. गळ्यातला हार सावरत ते म्हणाले, उत्क्रांतीची कल्पना परदेशात केव्हाच मोडीत निघाली आहे. कोणत्या परदेशात, ते सांगितलं नाही. मुलांशी खोटं बोलायचं नाही, म्हणजे धर्मच सोडावा लागणार, अशा धास्तीत मी परतलो.

ग्रंथात गर्भाचा दाखला आहे. पोटात तो नाना रूपं घेतो, तरी पहिल्यापासून माणूसच असतो. पृथ्वीवर मानवजातीचंही तसंच. मला ती सोयीस्कर पळवाट वाटे. कोवळ्या गर्भाचं चित्र मी वर्गात दाखवतो: मानेशी माशासारख्या घड्या, मागे शेपूट. याला माणूस कसं म्हणायचं?

सभेच्या आठवड्यातच माझ्या गरोदर पत्नीला, तिसऱ्या महिन्यात, रक्तस्राव सुरू झाला. दवाखाना पौडला, आणि एसटी निघून गेली होती. पौडकडे निघालेला कोळशाचा ट्रक मी हात करून थांबवला.

“बाईंना फुडं बसवा, मास्तर. लई हळू नेतो,” ड्रायव्हर म्हणाला. आणि प्रत्येक खड्ड्याआधी तो तिच्या पोटाकडे बघून बजावू लागला, “खड्डा आला रं बाळा. घट्ट धर.”

“त्याला अजून काही धरता येत नाही हो,” मी म्हणालो.

“धरता नसंल येत. ऐकू तर येतंय?”

“ऐकूसुद्धा अजून—”

“अहो, तुम्ही गप्प बसा,” पत्नी म्हणाली.

“व्हय मास्तर. शाळा तुमची, गाडी माजी.”

पुढे रस्ता अर्धा वाहून गेला होता. ड्रायव्हर स्टिअरिंगशी झुंजत होता, त्याला बोलायला उसंत नव्हती. हिचा चेहरा पांढराफटक, माझं मनगट तिच्या मुठीत. ट्रक कलला आणि माझ्याच तोंडून निघालं, “बाळा, सांभाळ.” पाठोपाठ आरोग्याची प्रार्थना. ती कुणासाठी म्हणतो आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ते चित्र मला पाठ होतं, त्यातलं काहीही खोटं नव्हतं. आणि तरी तिथे, तिच्या पोटात, एक माणूस होता.

दवाखान्यात रक्त थांबलं. “खात्री देत नाही. पडून राहू द्या,” डॉक्टर म्हणाले. बाहेर आलो तोवर ट्रक निघून गेला होता. ड्रायव्हरचं नावही विचारायचं राहिलं.

समान पूर्वजाचा प्रश्न सुटला असं मी म्हणत नाही. एवढंच कळलं, की माणूसपण आकारावर ठरत नाही, म्हणून शरीराचा इतिहास कितीही दूर गेला तरी मी त्याला भिण्याचं कारण नाही. धडा मी पूर्ण शिकवतो, धर्म सोडलेला नाही, आणि जे समजत नाही ते समजत नाही असं वर्गात आणि सभेत, दोन्हीकडे सांगतो.

आता सहावा महिना आहे. खात्री अजून कुणी देत नाही. रोज सकाळी ही माझा हात पोटावर नेऊन ठेवते. हालचाल जाणवेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. पण प्रभूचे आभार मी आता त्याआधीच मानतो.